आडव्या मापाचा कोट

आईचं शिवणकामाचं दुकान होतं. मागच्या खोलीत, मशिनांच्या पलीकडे, छातीभर पाण्याचा हौद होता. नवा कपडा अंगात घालून गिऱ्हाइकाने त्यात तीन मिनिटं तरंगून दाखवल्याशिवाय आई तो घरी नेऊ देत नसे.

याला कारण एक जुनं गिऱ्हाईक. ते नव्या सुटासकट कालव्यात पडलं, कसंबसं निघालं आणि तडक दुकानात येऊन निथळत म्हणालं, "बाई, काखेत आवळतो हो." दुसऱ्या कुणी काख सैल करून दिली असती. आईने हौद बांधला.

"उभ्या माणसाला बसणारा कपडा कुणीही शिवेल," ती म्हणायची. "आडव्याला बसला पाहिजे."

मी पाण्याला भ्यायचे. त्यामुळे शाळेच्या गणवेशापासून माझं सगळं रेडिमेड. आईच्या हातचं एकही वस्त्र मी कधी अंगावर घातलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली. शेवटची आडवी होती तेव्हा मी तिची कॉलर सारखी केली. ती विस्कटलेली नव्हती.

आज कुलूप घेऊन दुकान बंद करायला गेले, तर हौदाच्या काठावर कटिंग मास्तर घड्याळ धरून बसलेले. पाण्यात आमचे दाताचे डॉक्टर, करड्या सुटात, बुटांसकट.

"मास्तर, दुकान बंद आहे ना?"

"शिवण बंद आहे, ताई. ट्रायली चालू आहेत."

"डॉक्टर, निदान बूट तरी काढा."

"बूट तरंगतात," डॉक्टर छताकडे बघत म्हणाले. "पाय वर धरतात. तुमच्या आईनेच शिकवलं."

खुंटीवर एकच कपडा उरला होता. निळा कोट. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर आईचं अक्षर : 'मुलगी. ट्रायल बाकी.'

मी कोट काढून घेतला. मास्तर दारात आडवे उभे राहिले.

"मास्तर, तिच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे. नेऊ द्या."

"एवढी वर्षं एक कपडा तसा गेला नाही. नेमका शेवटचा जाईल होय? वर गेल्यावर बाईंना कोणतं तोंड दाखवू?"

मी कोट चढवला आणि हौदात उतरले. पाय सुटले तशी हात वर करून "आई!" ओरडले आणि तळाशी गेले. खोकत उभी राहिले.

"हाक मारली की छातीतली हवा जाते," डॉक्टर काठावर बसून सूट पिळत म्हणाले. "हात वर केला की आपण खाली जातो."

"तोंड मिटा," मास्तर म्हणाले. "हनुवटी वर. कान बुडू द्या. कोटात हवा आहे, धडपडून तिला बाहेर काढू नका."

पुन्हा मागे रेलले. हाक मारायची नाही, हे फार अवघड होतं. कानांत पाणी गेलं आणि दुकानाचा आवाज बंद झाला. कोट खांद्यांशी फुगला. काखेत कुठे आवळला नाही. मग छत दिसलं. त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं :

'कुठे टोचतंय का? आत्ता बोलू नका. नंतर सांगा.'

मी बोलले नाही. मास्तरांनी खांद्याला हात लावला तेव्हा सात मिनिटं झाली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी टेप लावली. "डावी बाही बोटभर आखूड. बाईंनी अंदाजाने बेतलाय. माप कधी दिलंत का तुम्ही?"

"चालेल मला."

"मला नाही चालणार. बाहीची दुमड उसवून लांब करून ठेवतो. गुरुवारी या, परत ट्रायल."

मी ओला कोट त्यांच्या हातात दिला. कुलूप पिशवीतच राहू दिलं.

"येते," मी म्हणाले.

"येताना टॉवेल आणा," डॉक्टर डोकं पुसत म्हणाले. "इथे एकच आहे."