निंबामार्फत

लग्नाला बावीस वर्षं होत आली, पण द्रौपदाबाई जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, कौतिकनानांशी, एकदाही बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रीतच तशी. नाना दिसले की पदर नाकापर्यंत यायचा आणि निरोप नवऱ्याला, निंबाला, सांगायचा: "ऐका ना, नानास्ले सांगा, जेवन वाढेल शे." नाना समोर बसून सगळं ऐकत असायचे, तरी निंबाने तेच पुन्हा म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत. निंबा बिचारा हसत हसत दोघांचा पोस्टमन झाला होता.

काल शिंदखेड्याच्या बाजारात त्या पोस्टमनची वाचाच गेली. उजवं अंग लुळं पडलं. धुळ्याच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो निघाला तेव्हा डॉक्टर द्रौपदाबाईला म्हणाले, "आत रक्त सांडलेलं नाही, गुठळी अडकलीय. प्रेशर दोनशे आहे, पण सध्या ते उतरवायचं नाही. पाइपात कचरा अडकला तर शेवटच्या वाफ्याला पाणी मोटरच्या जोरावरच पोचतं ना? जोर काढला की वाफा वाळणार. फारच वर गेलं तर मी बघीन. आणि तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. ठसका लागेल."

पिकाला पाणी भरण्यात जन्म गेलेल्या बाईला एवढं पुरेसं होतं. पण भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचं काय करायचं? जो तो आधी आकडा विचारी, मग कपाळावर हात मारी. दोनशे, आणि गोळी नाही? असला कसला डॉक्टर? आकडा फिरत फिरत नानांच्या कानावर गेला आणि दुपारी नाना दवाखान्यात येऊन थडकले.

नाना स्वतः प्रेशरवाले. गेल्या वर्षी गावच्या डॉक्टरने एक तपकिरी कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळली होती आणि प्रेशर झटकन उतरलं होतं. तेव्हापासून नानांचा देवापेक्षा तिच्यावर विश्वास. तीच त्यांनी खिशातून काढली. धाकट्या भावाला त्यांनी खांद्यावर वाढवलं होतं. दुष्ट माणूस असता तर त्याला अडवणं सोपं गेलं असतं.

"निंबा, तिले सांग, पिन दे."

पिन तिच्या बांगडीत अडकवलेली होती. तिने हात पदराखाली घेतला. "ऐका ना," ती सवयीने नवऱ्याला म्हणाली, "नानास्ले सांगा, डॉक्टरनी प्रेशर उतारानी गोळी द्यावाले नही सांगेल शे."

नानांनी ऐकलं आणि रीतीप्रमाणे ऐकलं नाही. ते भावाच्या तोंडाकडे बघत थांबले. निंबाचे डोळे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले.

आसपास नर्स नव्हती. द्रौपदाबाईला ओरडावंसं वाटलं, पण नानांसमोर बावीस वर्षांत तिने आवाज चढवला नव्हता. मनात पालही चुकचुकली. डॉक्टरच चुकत असेल तर? मग गाव म्हणणार, बायकोनेच मारला. द्यावी तरी भीती, न द्यावी तरी भीती.

"ऱ्हाऊ दे पिन," म्हणत नानांनी कॅप्सूल फोडायला स्वतःच्या दाढेखाली धरली आणि दुसऱ्या हाताने निंबाचं वाकडं तोंड उघडलं.

तिने झडप घालून नानांचं मनगट धरलं. पदर खांद्यावर घसरला. "नका, नाना! वाफा वाळी जाई! उतारू नका प्रेशर, हात जोडस मी!"

नाना थिजले. कॅप्सूल तोंडातून काढून त्यांनी मुठीत धरली. चेहरा लालबुंद झाला, पण तिच्याकडे वळला नाही. "निंबा, तिले सांग, आते काही जास्त-कमी व्हयनं ते मी तिले जलमभर सोडाव नही."

आणि निंबा सांगायला लागला.

त्याने मान तिच्याकडे वळवली, चांगला हात उचलला. "आ... आ..." कपाळावर घाम फुटला, ओठाच्या कडेने लाळ आली. शब्द येईना, तरी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. भावाचा निरोप त्याने आजवर कधी बुडवला नव्हता.

"व्हई गयं रे, निंबा! व्हई गयं!" नानांनी त्याला छातीशी धरलं आणि ते हुंदके देऊन रडले. कॅप्सूल खाटेखाली कुठेतरी घरंगळली. उपरण्याने त्यांनी भावाचं तोंड पुसलं. मग तांब्या उचलून ते क्षणभर घुटमळले, आणि सरळ द्रौपदाबाईकडे बघत त्यांनी विचारलं,

"पानी पाजू का त्याले?"

पदर अजून खांद्यावरच होता. "नका पाजू, नाना," ती म्हणाली. "ठसका लागी."

नानांनी तांब्या परत जागेवर ठेवला.