उन्हात मुरवलेलं सी व्हिटॅमिन

मित्रांनो, अवघ्या तीन महिन्यांत म्हातारी झालेली बाटली तुम्ही पाहिली नसेल. ती मी. माझ्या पोटात सी व्हिटॅमिनचं सीरम आहे. म्हणजे होतं. आता जे आहे, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात झाला. गडद तपकिरी काच, रबरी ड्रॉपर आणि आत पाण्यासारखं नितळ औषध. काच मुद्दाम गडद, कारण ऊन, उजेड आणि हवा हे माझे वैरी. तसं खोक्यावर छापलेलंही होतं. पण खोकं वाचतं कोण? ते फाडायचं असतं!

त्यात ही संत्र्यांची नगरी. सी व्हिटॅमिन म्हटलं की इथं प्रत्येकाला आपणच ते शोधून काढल्यासारखं वाटतं. शेजारच्या सुभद्राबाई गालांवर संत्र्याची साल घासून तोंड लाल करून घेतात आणि वर मला हसत माझ्या मालकिणीला विचारतात, "काहून विकत घेतलं वं? काटोलले पोतं भरून भेटते." अहो, संत्रं खा ना, चांगलंच आहे. पण साल घासून डाग जात असते, तर कळमन्याच्या संत्रा-बाजारातले व्यापारी आरशासारखे चमकले असते.

माझी मालकीण भूमिका. एका खाजगी शिकवणीत दहावीला गणित शिकवते. मुरुमं गेली, पण दोन्ही गालांवर काळे डाग ठेवून गेली. उन्हात स्कूटीवर तोंडाला स्कार्फ सगळ्याच मुली गुंडाळतात, ही मात्र वर्गातही सोडत नसे. "धुळीची ॲलर्जी आहे," म्हणायची. शिकलीसवरली बाई, आणि ही तऱ्हा! मग शिकवणीच्या मालकांनी सांगितलं, मे महिन्यात तासांचं रेकॉर्डिंग होईल, चेहरा दिसलाच पाहिजे, नाहीतर बॅच दुसऱ्याला देऊ. तेव्हा कुठे ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली आणि मी घरी आले.

रोज सकाळी धुतलेल्या चेहऱ्यावर माझे चार थेंब, वर सनस्क्रीन. मी डाग फिके करते, त्वचेला तजेला आणते, उन्हाचा मारा सोसायला थोडी मदत करते. गोरं करत नाही. कपाटात माझ्या शेजारी गोरेपणाच्या क्रीमची एक ट्यूब आहे, ती वर्षानुवर्षं ती थाप मारत बसली आहे. मी तिच्याशी बोलत नाही.

दहा आठवड्यांत डाग निम्मे फिके झाले. एके दिवशी भूमिका घरी येऊन म्हणाली, "आई, आज मी स्कार्फ न बांधता शिकवलं." मी मनात म्हटलं, माझी कमाई.

पण तिची आई, प्रयागबाई! रेकॉर्डिंगला तीन दिवस उरले असताना भूमिका मौद्याला मैत्रिणीच्या लग्नाला गेली. बाईंनी मला कपाटातून काढलं. "अंधारात ठेवून बुरशी येईन इले," असं पुटपुटत त्यांनी ड्रॉपर काढून ठेवला, माझ्या तोंडाला फडकं बांधलं आणि गच्चीवर लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी बसवलं. मे महिना, नागपूरचं ऊन, दोन दिवस! माझ्या पोटातलं नितळ औषध चहासारखं तांबडं झालं. बाई खूश.

भूमिका परतल्यावर त्यांनी ड्रॉपर भरून मोठ्या कौतुकाने पुढे केला. "पाह्य, कसा रंग चढला. मुरलं."

भूमिकाने तो उजेडात धरून पाहिला. "आई, हे बिघडलं. आता हे लावता येत नाही."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. "मले वाटलं, उन्हात मुरलं का लवकर असर होईन. तुह्या रेकॉर्डिंगच्या आधी."

अडाणीपणाला प्रेमाची फोडणी दिली की तो अडाणीपणा राहत नाही, असं माणसांना वाटतं. मला नाही वाटत. आणि खरं सांगते, मी मनातून सुखावलेही. म्हटलं, बसा आता. माझ्यावाचून ही पोरगी कॅमेऱ्यापुढे काय उभी राहते!

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिकाने तोंड धुतलं, सनस्क्रीन लावलं आणि आरशात पाहिलं. उरलेले डाग होतेच. प्रयागबाईंनी चहाला हातही लावला नव्हता. त्या म्हणाल्या, "नको जाऊ वं आज. तब्येत बरी नाही म्हणून सांग."

"काहून? डाग दिसतीन, तर दिसतीन. गणित तर बरोबर हाये ना."

आणि गेली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी प्रयागबाई मोबाइलवर तो तास तीनदा बघत होत्या. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मी खिडकीत पडून भूमिकाचा आवाज ऐकत होते. एकदाही अडखळला नाही. मित्रांनो, मला फार राग आला. मग लाज वाटली.

तेव्हा माझं एवढं ऐका. माझ्या बहिणींना घरी आणाल तर झाकण घट्ट लावा, उन्हापासून लांब ठेवा, रंग बदलला की निरोप द्या. त्या डाग नक्की फिके करतील. पण डाग जाईपर्यंत दाराआड बसून राहू नका. आम्हाला दोन-तीन महिने लागतात हो, आणि तुमची बॅच तेवढ्यात दुसऱ्याला जाते.