मधली जागा

ताम्रवर्णी संध्याकाळ. धूसर, मंदमंथर, राखेच्या झिरझिरीत ओढणीत गुंडाळलेली संध्याकाळ. नगरीच्या उत्तुंग भिंतीमागे सूर्य बुडाला आणि भिंतीआतल्या साऱ्या खिडक्या एकदम केशरी झाल्या. तेवढ्यात भोंगा वाजला. सायंफेरीची वेळ झाली होती.

नगरीचा नियमच होता तसा. संध्याकाळी नवरा-बायकोंनी जोडीने रस्त्यावर फिरायचं, हसतमुख फिरायचं, मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्यांना सुखी दिसायचं. प्रश्न म्हणून विचारायचा नाही. आणि ज्याला नेलं, तो कधी नव्हताच म्हणायचं.

पयोष्णी आणि विभाकर यांची लेक ऋजूही अशीच कधी नव्हती. काजळडोळी, कुरळकेशी, प्रश्नवेल्हाळ ऋजू. भिंतीपलीकडे काय असतं, एवढंच तिने शाळेत विचारलं होतं. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी तिचे फ्रॉक, तिची पाटी, तिची दूधभाताची वाटीसुद्धा नेली.

"अहो, आपली ऋजू..." दिवे लागताना पयोष्णी म्हणाली होती.

"कोण ऋजू?" विभाकर म्हणाला. "आपण दोघंच तर असतो घरात. दमलीयेस तू. पड जरा."

इतक्या सहज म्हणाला, की तिने पुन्हा ते नाव काढलं नाही. तेव्हापासून घरात शब्द उरले ते मीठ-पाण्यापुरते. तो भिंतीकडे तोंड करून निजे, ती आढ्याकडे पाहत राही. आणि सायंफेरीला निघाले की तो तिच्यापासून दूर चाले. मध्ये हातभर रिकामी जागा. लग्न नवं होतं तेव्हा खांद्याला खांदा घासत चालणारा हाच तो गृहस्थ!

पयोष्णीला त्याचा राग यायचा, रडू यायचं, पण सगळ्यांत जास्त यायचं ते कुतूहल. लेकीला ती खोड लागली होती ती आईचीच. हा माणूस खरंच विसरला असेल? विसरला असेल, तर ऋजू या जगात एकट्या तिच्यापुरती उरली होती. आणि एकटीने किती दिवस जपायचं तिला?

म्हणून ती बघत राही. तिरप्या डोळ्यांनी, चोरट्या डोळ्यांनी, हसऱ्या चेहऱ्याआडून बघे. त्याचा उजवा हात खिशात, डावा बाहेर. बाहेरच्या हाताचं एक बोट वेगळं, किंचित पुढे काढलेलं. बोचऱ्या वाऱ्यातही ते बोट तसंच, गर्दीतही तसंच. समोरून कुणी आलं तर मधल्या जागेतून तो कुणाला जाऊ देत नसे. हात आडवा धरून बाजूने वाट देई. रिकाम्या जागेचे हे एवढे लाड कशाला, ते तिला कळेना.

आज रस्ते धुणारी गाडी नुकतीच गेली होती. राख धुतलेला रस्ता कृष्णनील लकाकत होता. चौकात डबकं साचलं होतं, आणि डबक्यात आभाळ.

विभाकर डबक्यापाशी आला, आणि त्याचा डावा हात आपसूक वर गेला. हलकेच, कुणाचा तरी भार पेलत वर गेला, पाण्यावरून तरंगला, पलीकडे उतरला. मग ओशाळून खिशात लपला.

पयोष्णी थबकली. तो भार तिच्या ओळखीचा होता. त्याचा अर्धा वाटा तिच्याच उजव्या हाताने प्रत्येक डबक्यावर पेलला होता. गुडघे पोटाशी घेतलेली, हवेत खिदळणारी, "हुप्प!" म्हणून ओरडणारी ऋजू. हातभर जागा. ऋजूच्या खांद्यांएवढी जागा. इतके दिवस तो बायकोपासून दूर चालत नव्हता. तो लेकीच्या पलीकडून चालत होता.

तिचे डोळे भरून आले, पण मनोऱ्यावरून दुर्बीण वळत होती, म्हणून ती हसली. तिला काही विचारायचं उरलं नव्हतं. पुढे आणखी एक डबकं होतं. तिथवर चालत जाताना तिने आपल्या उजव्या हाताचं एक बोट मधल्या जागेत पुढे केलं.

विभाकरने ते बोट पाहिलं. खिशातला डावा हात बाहेर आला.

"हुप्प," तो पुटपुटला. ओठांतल्या ओठांत, पहाऱ्याच्या खालून.

दोन हात वर गेले. आणि त्यांच्या मधली रिकामी जागा, पाण्यातल्या केशरी आभाळावरून, भिंतीपलीकडे पसरलेल्या त्याच आभाळावरून, पाय न भिजवता, अलगद पलीकडे उतरली.