सहाशे बारा जणांचा फलक

रुग्णालयात तिला सगळे चावीवाली म्हणत, आणि तिच्याकडे एकही चावी नव्हती. तिच्याकडे होता एक संगणक, एक हात मोडलेली खुर्ची आणि सहाशे बारा माणसांची नावं. रुग्णालयाचा सगळा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा, त्यात कोण कुठल्या विभागात, कोणाला काय वाचता येतं, कोणाला कुठे लिहिता येतं, हे सांभाळणारी ती. नर्स दुसऱ्या वॉर्डात गेली की तिचं नाव इकडून उचलून तिकडे ठेवायचं. डॉक्टर पासवर्ड विसरला की त्याचा ओरडा खायचा. विसरणारा तो आणि ओरडा हिला. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

त्या शुक्रवारी मात्र कोणी नुसतं "अहो, जरा बघता का" म्हटलं असतं तरी ती अंगावर धावून गेली असती. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती घरूनच पेटून आली होती.

घरी थोरले दीर होते. भाऊजी याच रुग्णालयात लिफ्ट दुरुस्तीचे फोरमन, आणि अकरा दिवसांपासून घरी बसलेले. सकाळी तिने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. भाऊजींनी कपाकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला विचार, या कपावर तरी माझं नाव शिल्लक आहे का, की तेही काढलंस म्हणावं?"

नवरा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला. आणि भाऊजी खोटं बोलत नव्हते.

झालं होतं ते असं. बारा दिवसांपूर्वी तीन नंबरच्या लिफ्टच्या दारात सहाव्या वॉर्डातल्या आयाचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली. दारात माणूस आहे हे ओळखणारा सेन्सर बिघडला होता, आणि तो बिघडलाय हे भाऊजींनी सॉफ्टवेअरमधल्या लिफ्ट विभागाच्या फलकावर चौदा वेळा लिहिलं होतं. चौदा वेळा, असं ते म्हणत. चावीवालीला ते वाचता येत नव्हतं. प्रत्येक विभागाचा फलक त्या विभागाच्या माणसांनाच दिसायचा. ती माणसं हलवू शकत होती, त्यांनी काय लिहिलंय ते पाहू शकत नव्हती.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. फोरमन आणि तीन मेकॅनिक, चौघांची नावं चौकशी होईपर्यंत बंद कर. तिने केली. मोजून अकरा सेकंद लागले. भाऊजी तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, मोबाइलवर त्याच फलकावर काहीतरी लिहीत होते. अर्ध्या वाक्यात मोबाइलने त्यांना बाहेर काढलं.

"तुम्ही त्या नोंदींचे फोटो का नाही काढून ठेवलेत?" तिने त्या संध्याकाळी रडकुंडीला येऊन विचारलं होतं.

"लिहिलंय ना तिथं? मग झालं," भाऊजी म्हणाले होते. "लिहिलेलं कुठे पळून जातं का?"

असा माणूस. यंत्रावर विश्वास नाही, पण लिहिलेल्यावर आहे.

आणि आता व्यवस्थापकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. रुग्णालयात त्यांना मुद्देसाहेब म्हणत. कोणी तोंड उघडलं की तिसऱ्या शब्दाला "मुद्द्याचं बोला" म्हणून अडवायची त्यांची सवय. वाचायचं तर नावच नको. समोर जे येईल त्यावर "होय" दाबून मोकळे. मागच्या वर्षी चाकांच्या चार खुर्च्यांऐवजी चाळीस खुर्च्यांच्या मागणीवर त्यांनी असंच "होय" दाबलं होतं. त्यातल्या छत्तीस खुर्च्या अजून जिन्याखाली एकावर एक चढवून ठेवल्यात, आणि त्याचं खापर फुटलं ते भांडारातल्या कारकुनावर.

बाकी सगळ्या बायकांना साहेब अहोजाहो करत. चावीवालीला अगंतुगं. तिच्या खोलीला खिडकी नव्हती म्हणून असेल.

"ये. ऐक. सोमवारी अकराला चौकशी समिती येतेय. त्याआधी लिफ्ट दुरुस्ती विभाग काढून टाकायचा. पुनर्रचना आहे ही. पुढचं काम बाहेरची कंपनी बघेल. चार वाजेपर्यंत झालं पाहिजे."

"पण साहेब, त्या फलकावर जे लिहिलंय..."

"विभागच नाही तर फलक कुठला?" साहेब हसले. स्वतःच्याच विनोदावर असं मनापासून हसणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. "आणि त्या आयाचंही नाव काढ. बारा दिवस कामावर नाही ती."

"तिचा हात..."

"माहीत आहे मला. वाईट झालं. पण घाईघाईने दारात हात घालायला कोणी सांगितलं होतं? आणि तुझ्या दिराने साधी पाटी तरी लावायची होती, की लिफ्ट बिघडलीय म्हणून. दोघांनी मिळून घोळ घातला आणि निस्तरायचा आम्ही." त्यांनी आवाज जरा मऊ केला. "नातं दाराबाहेर ठेव. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. चावीवालीचे कान तापले. तरीही अकरा वर्षांची सवय अशी चिवट, की तोंडातून कामाचीच गोष्ट निघाली.

"साहेब, विभाग असा थेट काढला तर त्याच्या फलकावरचं सगळं वरच्या विभागात..."

"मुद्द्याचं बोल."

"मुद्दाच सांगतेय. आधी फलक कुलूपबंद करावा लागतो, नाहीतर..."

"तू मला शिकवणार?" साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. "बटणं दाबायचा पगार मिळतो ना तुला? बटण दाब."

ती तिच्या बिनखिडकीच्या खोलीत परत आली आणि मोडक्या हाताच्या खुर्चीत धपकन बसली. तिला त्या माणसाचा संताप आला होता, त्याच्या पेनचा, त्याच्या मऊ आवाजाचा. आणि त्याहून जास्त संताप स्वतःचा आला होता. अकरा सेकंद! भाऊजींना एक फोन करून "नाव बंद करायला सांगितलंय, आधी काय लिहिलंय त्याचे फोटो काढा" एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट तिने दिलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं आणि हिने केलं, मान खाली घालून, एखाद्या नळासारखं. सोडला की वाहायचं.

समोर पडद्यावर रुग्णालयाचं झाड उघडं होतं. सगळ्यात वर रुग्णालय, त्याखाली विभाग, त्याखाली उपविभाग. लिफ्ट दुरुस्ती पूर्वी इंजिनिअरच्या विभागाखाली असायची. पण इंजिनिअर हट्टी. भाऊजींची प्रत्येक तक्रार सही करून वर पाठवायचा. म्हणून तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी लिफ्ट विभाग तिथून उचलायला लावला आणि थेट झाडाच्या शेंड्याखाली, स्वतःच्या हाताखाली घेतला. तेव्हाही ती म्हणाली होती, की साहेब, आता याच्या वर दुसरं कोणी नाही, वर थेट सगळं रुग्णालयच आहे. तेव्हाही उत्तर तेच मिळालं होतं.

म्हणजे आता लिफ्ट विभाग काढला, की त्याच्या फलकावरची प्रत्येक ओळ जाणार होती सगळ्या रुग्णालयाच्या फलकावर. सहाशे बारा जणांच्या मोबाइलवर.

अर्थात तिने ठरवलं तर नाही. विभाग काढायच्या अर्जात खाली एक बारीकसा चौकोन होता. "आधी फलक कुलूपबंद करा." त्यात खूण केली, की सगळ्या नोंदी साहेबांच्या एकट्याच्या ताब्यातल्या कोठारात जाणार होत्या. मग समितीपुढे भाऊजींनी चौदा म्हटलं काय नि चाळीस म्हटलं काय, पुरावा शून्य. बत्तीस वर्षं लिफ्ट सांभाळलेल्या माणसाच्या कपाळावर एका बाईची दोन बोटं कायमची चिकटणार होती.

खूण नाही केली, तर तिची नोकरी गेली असं समजायचं.

तिने त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. आपण दोनदा सांगितलंय, तिने स्वतःला बजावलं. तिसऱ्यांदा यंत्र सांगेल, लाल अक्षरांत. विभाग काढायचा तर शेवटचं "होय" व्यवस्थापकांचंच हवं, हा नियमही साहेबांनीच केलेला. सत्ता हातात हवी होती ना? घ्या मग.

चौकोन तिने रिकामा ठेवला. आयाचं नाव काढायचा दुसरा अर्ज तिने उघडलाच नाही. आणि मग तिने एक गोष्ट केली, जी तिला करायची गरज नव्हती. ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली. उद्या कोणी म्हणायला नको की हिने अंधारात ठेवलं.

साहेब फोनवर कोणाशी तरी बोलत होते. "हो हो, सगळं आवरलंय, सोमवारी फक्त चहापाणी," असं काहीसं.

"साहेब, मंजुरीसाठी आलंय. लाल अक्षरांत सूचना आहे. वाचून घ्या."

साहेबांनी फोन कानाला तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने मोबाइल पुढे ओढला.

"वाचून घ्या, साहेब," ती पुन्हा म्हणाली.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, "डोकं खाते ही" असं फोनमध्ये कोणाला तरी सांगितलं आणि अंगठा टेकवला. होय.

"झालं?"

"झालं."

पहिला टिंग साहेबांच्याच मोबाइलचा वाजला. मग बाहेर बसलेल्या कारकुनाचा. मग बोळातून, जिन्यावरून, औषधांच्या खिडकीपाशी, सगळीकडून. चाळीस-पन्नास नोंदी एकामागून एक येत होत्या आणि थांबायचं नाव नव्हतं. बाहेर कोणीतरी मोठ्याने वाचायला लागलं आणि केबिनच्या अर्धवट उघड्या दारातून आवाज आत आला.

"फोरमन. तीन नंबर. दाराचा सेन्सर गेला आहे. दाराला माणूस कळत नाही. बंद ठेवावी. खाली व्यवस्थापक. चालू ठेवा. रुग्णांची गैरसोय नको."

"पुढे वाच."

"फोरमन. तीन नंबर. आज दार ट्रॉलीवर आपटलं. आज ट्रॉली होती. व्यवस्थापक. कारणं नकोत. मुद्द्याचं लिहा."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"फोरमन. पाटी लावली होती. ती काढायला कोणी सांगितलं? व्यवस्थापक. मी. पेशंट घाबरतात."

आता कोणीच हसलं नाही. शेवटच्या नोंदी अपघाताच्या दिवशीच्या होत्या, सकाळी आठच्या.

"फोरमन. तीन नंबर मी बंद केली आहे. व्यवस्थापक. कोणाच्या परवानगीने? पाच मिनिटांत सुरू करा, नाहीतर घरी बसा."

साहेबांचा फोन कानावरून कधीच खाली आला होता. चेहरा पांढरा पडला होता. "हे... हे बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"मला येत नाही. दुसऱ्याने लिहिलेलं मला खोडता येत नाही. तुमचं तुम्ही खोडू शकता, पण तिथे 'व्यवस्थापकांनी खोडलं' असं नाव राहतं."

"तू हे मुद्दाम केलंस!"

"दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा लाल अक्षरांत होतं." तिचा आवाज चढला, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "पाटी तुम्ही काढायला लावलीत! आणि मघाशी माझ्यासमोर बसून म्हणता, पाटी लावायची होती? लाज नाही वाटली?"

"तुझंही नाव काढतो मी आज!"

"काढा. पण तेही मलाच करावं लागेल. तुम्हाला येत नाही."

तेवढ्यात साहेबांची नजर पुन्हा मोबाइलवर गेली. फलकाच्या तळाशी एक नवी ओळ आली होती. सहावा वॉर्ड, आया, लिहीत आहे. ती ओळ जात नव्हती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. बाहेरचा गलबलाही शांत झाला, कारण सगळ्यांच्याच हातात ती दिसत होती.

"हिचं नाव काढायला सांगितलं होतं ना तुला?" साहेब कुजबुजले.

"सांगितलं होतं."

दोन मिनिटं गेली असतील. डाव्या हाताने लिहायचं तर वेळ लागतोच. मग ते आलं, कानामात्रा राहिलेलं, तुटकतुटक.

"मला साहेब म्हणाले चुक तुझीच. फोरमनपण तेच म्हणतो म्हणाले. म्हणुन कागदावर लिहुन दिल चुक माझी. सही येत नव्हती. हात बांधलेला. डावा आंगठा घेतला."

चावीवालीने ते वाचलं, मग परत वाचलं. बारा दिवस ती बाई खाटेवर पडून स्वतःलाच दोष देत होती, आणि भाऊजीही आपल्यालाच दोष देतात असं समजत होती. साहेब काहीतरी बोलत होते, पण ती बाहेर पडली होती. बोळात उभ्या असलेल्या लोकांनी तिला वाट करून दिली.

खोलीत येऊन ती खुर्चीत बसली आणि तिने बंद नावांची यादी उघडली. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणाची मंजुरी नव्हती. आधी भाऊजींचं नाव, मग तिन्ही मेकॅनिकांची. चौघंही चालू झाले. अकरा सेकंद लागले.