पायऱ्यांवरची खुर्ची

चित्रकलेच्या बाईंना शाळेतली मुलं पाठीमागे 'भंगारबाई' म्हणायची, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. सायकलींच्या तारा, फुटके डबे, नदीतून वाहून आलेली लाकडं. वाटेत काही दिसलं की बाईंची पिशवी भरलीच म्हणायची. यंदा वाचनालयाच्या दालनात त्यांचं पहिलंच प्रदर्शन लागलं. मधोमध उभा होता कमरेएवढा बगळा. पाय, मान, चोच, सगळं एका जुन्या निळ्या खुर्चीतून काढलेलं.

शेवटच्या दिवशी टपालवाला वाचनालयाची पत्रं द्यायला आला आणि बगळ्यासमोर थबकला.

"ही खुर्ची कुठं मिळाली, बाई?"

"टेकडीच्या पायऱ्यांवर. कुणीतरी फेकून दिली होती," बाई उत्साहानं म्हणाल्या.

"फेकली नव्हती. मी ठेवली होती, आईसाठी. तिला एका दमात पायऱ्या चढवत नाहीत. खुर्ची गेल्यापासून ती बाजारात उतरलेलीच नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. "कठड्याला बांधलीही होती."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. ती सुतळी त्यांनी स्वतः कापली होती. दोन गाठी, त्याही नीट मारलेल्या. क्षणभर हात अडखळला होता. मग बगळ्याची मान डोळ्यांसमोर आली आणि कात्री चालली. आता आजूबाजूला मुलांचे आईवडील उभे होते. "मला वाटलं..." बाई एवढंच बोलल्या. सुतळीचं काही तोंडून निघेना. टपालवाला पत्रं टेबलावर ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरातली एक खुर्ची उचलून बाई धापा टाकत पायऱ्या चढल्या. टपालवाल्याची आई दारातच बसली होती. बाईंनी तिला सगळं सांगून टाकलं, सुतळीसकट.

म्हातारीनं ऐकून घेतलं. काठी टेकत ती मधल्या वळणापर्यंत उतरली आणि बाईंनी तिथं ठेवलेल्या खुर्चीवर तिनं बसून पाहिलं. पाय अधांतरी राहिले.

"उंच आहे गं. त्या खुर्चीचे पाय त्यानं माझ्या मापानं कापले होते."

"मी करवत घेऊन येते, आजी."

"ये. आणि तो पक्षी? बरा तरी झालाय का?"

"लोकांना फार आवडला," बाई बोलून गेल्या, आणि बोलताक्षणीच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मापाची खूण करायला पेन्सिल घेऊन त्या खाली वाकल्या. खूण कधीच झाली होती, पण मान वर करायचा धीर होईना.