तिसऱ्या केबलचा सूर

थोरलीने पुलाच्या तिसऱ्या केबलवर तळहात टेकवला आणि श्वास रोखला. डोक्यावरच्या स्पीकरमधून पुलाचं गाणं वाहत होतं, नेहमीसारखंच सावकाश, काहीसं झोपाळू. मग त्यातून एक बारीक किणकिण निघाली, काचेच्या पेल्याला चमचा लागावा तशी. त्याच क्षणी तिच्या तळहाताला केबलच्या आतून टिचकी बसली.

तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने पुन्हा किणकिण, पुन्हा टिचकी.

हा पूल म्हणजे विद्यापीठाचं लाडकं बाळ. एका टोकाला अभियांत्रिकीची इमारत, दुसऱ्या टोकाला ललित कलांची, आणि मध्ये, खालच्या अंगणापासून तीन मजले उंच, आठ केबलांवर टांगलेली ही पायवाट. प्रत्येक केबलवर सेन्सर बसवले होते थोरलीने. ती अभियांत्रिकीत शिकवायची. सेन्सरांना जे ऐकू येई त्याचं गाणं केलं होतं तिच्या धाकट्या भावाने. तो पलीकडे संगीत शिकवायचा. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर दरवर्षी हाच पूल असे आणि आत विज्ञान व कला यांच्या संगमावर दोन पानं, ज्यांच्या लेखकाने पुलावर कधी पाय ठेवला असेल असं वाटत नसे. आज अकरा वाजता संशोधनाचं मूल्यांकन करणारी समिती यायची होती. दहाही सदस्यांनी पुलाच्या मधोमध थांबून गाणं ऐकायचं, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलंच होतं.

थोरली पाच महिने दुसऱ्या विद्यापीठात होती, कालच परतली होती. ती भरभर चालत ललित कलांच्या टोकाला, पुलालगतच असलेल्या धाकट्याच्या खोलीत शिरली. नवा सदरा घालून तो संगणकापुढे बसला होता.

"ती किणकिण कसली रे?"

"आवडली ना?" त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे तुझे कान अगदीच वाया गेलेले नाहीत, ताई."

"कुठून येते ते सांग."

"पुलातूनच. मी बाहेरचा एकही सूर घालत नाही, तुला माहितीये. महिन्यापूर्वी सुरू झाली. आधी दिवसाकाठी एखादी यायची. आता ऐक, कसा रंगात आलाय!"

"तू गोड करायच्या आधी तो आवाज कसा असतो?"

"अगं, तेच ते टक-टक. पहिल्या वर्षी यायचं, कानाला टोचायचं. तूच म्हणालीस ना, बोल्ट बसतायत, कचरा आहे, त्याचं हवं ते कर. मग मी त्याची घंटी केली."

तिने म्हटलं होतं खरं. तेव्हा बोल्ट बसतच होते, आणि चार महिन्यांत बसून गप्पही झाले. आता टक म्हणजे कचरा नव्हे, एवढं एक वाक्य भावाला सांगायचं राहून गेलं होतं. घरातल्या माणसाला सगळं ठाऊकच असतं, असं आपण धरून चालतो.

"पण मला दर सोमवारी आकडे येत होते," ती म्हणाली. "पाच महिने शून्य. टक झालं की आकडा वाढायला हवा."

"टक मी तुझ्या आकड्यांपर्यंत पोचूच देत नाही ना. सेन्सरपाशीच त्याची घंटी करून टाकतो. नाहीतर गाण्यात निसटून ऐकू येतं."

 थोरलीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नीट ऐक. एका केबलमध्ये एक्क्याण्णव तारा असतात. एक तार तुटली की टक वाजतं. तुझ्या घंट्या मोज. तिसऱ्या केबलच्या."

धाकट्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चेष्टेचा सूर तिथेच सोडला. त्याच्याकडे प्रत्येक सुराची नोंद होती.

"एकोणपन्नास," तो म्हणाला. "आज सकाळपासून अकरा."

तिने विभागप्रमुखांना फोन लावला. ते समितीला घेऊन पुलाच्या पलीकडच्या, अभियांत्रिकीच्या तोंडाशी पोचले होते. खिडकीतून तिथल्या काचेच्या दारामागे त्यांचा करडा कोट दिसत होता.

"सर, कुणाला पुलावर आणू नका. तिसरी केबल तुटतेय."

"मॅडम, हळू बोला." ते हसऱ्या आवाजात म्हणाले, शेजारी पाहुणे होते म्हणून. "आत्ताच तुमचा अहवाल दाखवला मी सगळ्यांना. पाच महिने तुटलेल्या तारा शून्य."

"ते शून्य खोटं आहे, सर. चूक माझी आहे."

त्यांनी आवाज खाली आणला.

"अर्ध्या तासाने काय आकाश कोसळणार आहे? ही मंडळी जाऊ द्या, मग हवा तितके दिवस बंद ठेवा." फोन बंद झाला.

पलीकडचं काचेचं दार उघडलं. पहिले दोघे पुलावर आले, त्यांच्यामागे आणखी तिघे. थोरली खोलीच्या दाराकडे धावली, पण तिच्याआधी धाकट्याने संगणकाकडे हात नेला. त्याने तिला काही विचारलं नाही. तीन वर्षं सुरावर सूर रचून केलेलं काम त्याने एका बटणासरशी काढून टाकलं आणि आवाज होता तेवढा वाढवला.

टक.

कानाशी वाळकी फांदी मोडावी तसा तो आवाज पुलावर, दोन्ही इमारतींत, खालच्या अंगणात घुमला. पुढच्या बाईंनी कान झाकले. टक. कुणीतरी नाक मुरडलं. विभागप्रमुखांनी खोलीच्या दिशेने हात झाडला, पाहुण्यांची माफी मागितली आणि सगळ्यांना मागे घेतलं. दार लागलं.

थोरलीला रडू आलं, तिने ते येऊ दिलं.

"तुझं गाणं गेलं रे."

"गेलं तर गेलं. माणसं तर उतरली," धाकटा म्हणाला.

पुलावर आता कुणीही नव्हतं. तरी स्पीकरमधून टक आलं, आणि त्यापाठोपाठ लगेच दुसरं. मग तीन, एकामागून एक.

"ताई," धाकटा खिडकीजवळ गेला, "ते कुठे निघालेत?"

समितीला ललित कलांच्या इमारतीत यायचंच होतं. वरून नाही तर खालून. विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन अंगण ओलांडत होते, आणि अंगणाच्या बरोबर मध्यावर, पुलाखालीच थांबून, वर बोट दाखवून, काहीतरी समजावून सांगत होते. दहाही जण माना वर करून पुलाचं पोट पाहत होते.

धाकटा जिन्याकडे पळाला. थोरलीने खिडकी उघडली आणि अर्धी बाहेर वाकून जिवाच्या आकांताने ओरडली, "बाजूला व्हा!" टक-टक आता थांबायचं नाव घेत नव्हतं, त्यात तिचा शब्द बुडाला.

विभागप्रमुखांना ती दिसली मात्र. त्यांनी हसून हात हलवला, पाहुण्यांना म्हणाले, "ह्याच त्या आमच्या मॅडम," आणि ती सगळ्यांना नीट दिसावी म्हणून त्यांना आणखी दोन पावलं पुढे घेतलं.