नीरवचा पहिला सीझन

माझा मुलगा मार खायचे पैसे घेतो, असं मी दुकानात सांगायचो. दुबईत देऱ्यातल्या आमच्या स्पेअरपार्टच्या दुकानात रग्बी लीग कुणाला कळणार? चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्या तेरा जणांपैकी दोघंतिघं मिळून आडवा करतात, असं सहा वेळा झालं की चेंडू त्यांच्या हवाली. काउंटरवरच्या बदरुद्दीनला हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, “मतलब कबड्डी, लेकिन अस्पताल के साथ.” मीही हसलो. हसण्यापलीकडे माझ्या हातात होतं काय?

नीरव दोन वर्षांचा असताना आम्ही त्याला दुबईत आणलं. इंग्रजी शाळेत तो रग्बी शिकला, पंधरा जणांची. पुढे इंजिनिअरिंग करायला उत्तर इंग्लंडात गेला आणि तिथल्या एका गिरण्यांच्या गावातल्या क्लबानं त्याला तेरा जणांच्या खेळात ओढलं. दोन हजार एकच्या नोव्हेंबरात त्यांनी एक वर्षाचा करार दिला आणि कागदपत्रांची खटपटही केली. चिरंजीवांनी कॉलेज सोडलं, मग मला फोन केला. क्रम असा. पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. अपर्णा, म्हणजे माझी बायको, बोलत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होतो.

हिशोब सोपा होता. दोन हजार दोनचा सीझन नीट गेला तर सप्टेंबरात आणखी दोन वर्षांचा करार. नाही गेला तर पोरगा ना इंजिनिअर ना खेळाडू.

सीझन सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरात, तो दहा दिवस घरी आला. खांदे दाराएवढे झालेले, पण जिना चढला की छाती वाजायची. लहानपणी वाळूचं वादळ आलं की अशीच वाजायची. क्लबच्या डॉक्टरनं तोंडात मारायचा दम्याचा पंप दिला होता, पण पंपाची सवय लागते हे माझं ठाम मत, आणि माझी मतं ठामच असतात. कुडाळला आमचे बाबाजी वैद्य आहेत. मला लहानपणी दम लागायचा तेव्हा त्यांच्याच चूर्णानं गेला. मी गावाहून येणाऱ्या एका माणसाबरोबर किलोभर चूर्ण मागवलं.

नीरवच्या पाकिटात क्लबानं दिलेलं एक कार्ड होतं. अपर्णा शाळेत शिकवते, तिला छापील अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. तिनं ते मोठ्यानं वाचलं. कुठलंही औषध, गोळी, पावडर क्लबच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. “आधी विचारू दे त्याला,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “अगं, हे औषध कुठंय? घरचं आहे हे. उद्या आल्याचा चहा प्यायलाही डॉक्टरला विचारेल काय?”

नीरवनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा, इट्स सेफ, राइट?”

“माझ्या आईनं मला दिलंय,” मी म्हणालो. तेवढं त्याला पुरलं. बरणी त्यानं जर्सीत गुंडाळून बॅगेत ठेवली.

मार्चात सामने सुरू झाले. तिकडे रविवारी खेळायचे आणि मी सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मालकाच्या कॉम्प्युटरवर निकाल बघायचो. आठ सामने नीरव बाहेरच बसला. प्रत्येक सोमवारी मी ती नावांची यादी वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचायचो, जणू माझ्या वाचण्यानं त्याचं नाव उगवणार होतं. मे महिन्यात उगवलं. कडेनं धावणारा एक जण जायबंदी झाला आणि त्याच्या जागी आमचा उतरला. तिसऱ्याच सामन्यात त्यानं चेंडू रेषेपार टेकवला, ज्याला ते ट्राय म्हणतात. त्या सोमवारी मी दुकानात पेढे वाटले. बदरुद्दीननं विचारलं, कितने टांके लगे? मी म्हणालो, एक भी नहीं.

रविवारच्या फोनवर नीरव म्हणाला, “द पावडर वर्क्स, बाबा. एटी मिनिट्स अँड आय कॅन ब्रीद.” मी फोन ठेवला आणि अपर्णाला दोनदा ऐकवलं. तिला चिडवायची संधी मी का सोडू?

जुलैत त्याचा फोन रविवार नसताना, भर दुपारी आला. सामन्यानंतर लघवी तपासली होती. तिच्यात इफेड्रिन नावाचं द्रव्य सापडलं होतं, मर्यादेच्या वर. त्यानं धाप कमी होते आणि अंगात तरतरीही येते, म्हणून ते घेऊन खेळायला बंदी. चौकशी होईपर्यंत खेळणं बंद. नीरवनं चूर्णाशिवाय दुसरं काहीच घेतलं नव्हतं. बरणीत काय आहे ते चौकशी समितीला लेखी हवं होतं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

मी कुडाळला फोन लावला. बाबाजी वैद्य म्हणाले, नीरवाक बरा वाटला मां? मी म्हणालो, बरं वाटलं, पण त्यात काय काय घातलंय ते लिहून द्या. हे चूर्ण त्यांना गुरूनं कानात सांगितलेलं होतं. त्यातल्या झाडांची नावं त्यांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलेली नव्हती.

“नाव सांगितला काय गुण जाता, संजय,” ते म्हणाले. “मगे गावातल्या दमेकऱ्यांनी काय करूचा?”

ते काही आडमुठे नव्हते. खरंच त्यांना तसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं. सात दिवसांत मी पाच फोन केले. शेवटच्या फोनवर मी रडलो. दुकानात, गिऱ्हाइकासमोर. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुडाळच्या बूथवरून फॅक्स केला. त्यानंतर त्यांनी ते चूर्ण करायचं सोडून दिलं, असं माझा भाऊ सदानंद सांगतो.

पत्रात नावं होती. अडुळसा, रिंगणी, पिंपळी, ज्येष्ठमध आणि सगळ्यात वर सोमलता. अपर्णानं नेटवर शोधलं. सोमलतेतच ते इफेड्रिन असतं. पण म्हाताऱ्याला पोराला मदत करायची होती, म्हणून त्यांनी खाली स्वतःहून चार शब्द जोडले होते. “या चूर्णाने दम टिकतो व अंगात तरतरी येते. आमच्याकडील कबड्डीच्या मुलांना सामन्यापूर्वी देतो, उत्तम गुण येतो.”

पत्राचं इंग्रजी मीच करत होतो. त्या दोन ओळी गाळल्या. अपर्णानं माझं इंग्रजी तपासलं, मूळ कागदावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. डिसेंबरापासून तिनं एकदाही “मी सांगितलं होतं” म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

रात्रभर विचार करून मी नीरवला फोनवर त्या गाळलेल्या ओळींचं खरं सांगितलं. मूळ कागद जोडायचाच आहे, पण मराठी तिथं कोण वाचणार?

“पुट इट इन, बाबा,” तो म्हणाला. “आय डिडन्ट चीट. आय वोन्ट स्टार्ट नाउ.”

मी दोन्ही ओळी घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं होतं, आणि तेही अशा वेळी. चौकशीत त्याला विचारलं, डॉक्टरला का विचारलं नाहीस? तो म्हणाला, बाबांना विचारलं होतं. निकालात हे वाक्य छापलं होतं. खेळाडूचा फसवण्याचा हेतू नव्हता हे समितीला मान्य होतं. पण हे चूर्ण खेळाडूंना ताकदीसाठीच देतात असं वैद्यांचंच पत्र सांगतं, आणि शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूची. सहा महिने बंदी. चार दिवसांनी क्लबानं करार मोडला. करार गेला की इंग्लंडात राहायचा परवानाही गेला. अठ्ठावीस दिवसांत देश सोडायचा होता.

“ओके,” नीरव म्हणाला. “सो आय’ल कम होम.”

त्याला घर म्हणजे दुबई. आता मला त्याला समजवावं लागलं की अठरा पूर्ण झाल्यावर आणि कॉलेज सुटल्यावर तो माझ्या व्हिसावर राहिला नाही. इथं नोकरी मिळेपर्यंत तो पाहुणा. व्हिजिट व्हिसासाठी मी अर्ज केला. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधला माणूस रोज म्हणायचा, इन्शाल्ला, हबीबी, पुढच्या आठवड्यात. अठ्ठावीस दिवस संपले तरी व्हिसा आला नाही. शेवटी मी तिकीट काढलं, मँचेस्टर ते मुंबई. तिथून सदानंद त्याला कुडाळला नेणार होता. कुडाळात तो आजवर सगळे मिळून तीन महिने राहिला असेल. विमान दुबईत बदलायचं होतं, मध्ये चार तास; मुंबईचं विमान दुपारी चारला.

आम्ही दोघं सुट्टी टाकून दुपारी एक वाजता विमानतळावर गेलो. अपर्णानं डबा केला होता. दारावरच्या पोलिसाला मी विनवलं, पाच मिनिटं, काचेतून तरी. तो भला माणूस होता. त्यानं आत चौकशी केली आणि परत येऊन मान हलवली. ट्रान्झिटच्या प्रवाशाला बाहेर येता येत नाही, आणि आम्हाला आत जाता येत नाही.

माझ्या मोबाइलवर इथलाच नंबर उमटला. आतल्या कॉइन फोनवरून नीरव बोलत होता.

“व्हेअर आर यू, बाबा?”

“बाहेर. तीन नंबरच्या दाराशी. आई पण आहे.”

“इज इट फार अवे?”

मी बघितलं. सरकतं दार, त्यामागे सामानाचे पट्टे, त्यामागे एक भिंत.

“नाही रे,” मी म्हणालो. “दोनशे पावलं असतील.”

मग त्यानं विचारलं की कुडाळला उतरल्यावर काय करू, कुणाशी बोलू, तिथं पोरं काय खेळतात. वीस वर्षं मी त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठामपणे दिलं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

अपर्णानं फोन हातातून घेतला. ती काही बोलायच्या आत नाणी संपली होती. मग आम्ही चार वाजेपर्यंत तिथंच उभे राहिलो.